धूळ दाखवू नये

“पण उस्ताद, धूळ दाखवायचीच नाही, तर आपण काम केलंय हे लोकांना कळायचं तरी कसं?”

वैजू आहिरेचा हा प्रश्न जुनाच. आज फक्त तो तिने गिऱ्हाइकाच्या दारात उभं राहून विचारला, खांद्यावर सक्शनचा जाडजूड पाइप टाकून, आणि जरा चढ्या आवाजात.

लतीफ उस्ताद वाकून चपला काढत होते.

“नाही कळलं तर काय बिघडलं?”

“वा! राबायचं आपण आणि...”

उस्ताद जिन्याकडे निघालेसुद्धा.

हे उस्ताद म्हणजे नाशिकातले डक्ट साफ करणारे. छताच्या आडून खोल्याखोल्यांत एसीची हवा नेणाऱ्या पत्र्याच्या चौकोनी नळ्या असतात ना, त्या. माणूस जातीचा पिंजारी. आजोबा गावोगाव फिरून गाद्यांचा कापूस पिंजायचे. नातवाने धंदा बदलला, पण धुळीची संगत काही सुटली नाही.

या धंद्यात एक रीत आहे. काम झालं की धुळीची पिशवी घरमालकासमोर पेपरवर उलटी करायची. मग घरातल्या बायका तोंडाला पदर लावून “अगं बाई!” म्हणतात, पुरुष मागे सरकतात, आणि कारागिराची छाती फुगते. सगळे करतात. उस्ताद मात्र पिशवीचं तोंड करकचून बांधायचे आणि मागच्या दाराने घेऊन जायचे, कुणाला दिसूही न देता.

वैजूला हे बघवत नसे. तिचं म्हणणं, ही तर शुद्ध फुकट घालवलेली मेहनत!

पोरगी हुशार होती, खोटं कशाला बोला. हात चपळ, मशीन तर तिच्या बोटांवर नाचायचं. पण आपण हुशार आहोत हे तिलाही माहीत होतं, आणि तिथंच घोडं पेंड खात होतं.

आजचा दिवस तर तिच्या आयुष्यातला मोठा. सकाळी उस्तादांनी गाडीची चावी तिच्या हातावर ठेवली होती.

“आजचं काम तू एकटीनं करायचं. मी गच्चीवर एसीचं बाहेरचं मशीन धुतो. नीट झालं तर मालेगावकडची सगळी कामं तुझी. गाडीही तुझी.”

वैजूला आनंदाने नाश्ता गेला नव्हता.

आणि घर कसलं मिळालं होतं! निकमांचा बंगला, आणि घरात नुसती धांदल. निकमकाकांच्या सुनेला दिवस भरायच्या आधीच मुलगी झालेली. तेव्हापासून ती एवढीशी पोर दवाखान्यात काचेच्या पेटीत होती, आणि आज संध्याकाळी पहिल्यांदा घरी यायची होती. फुफ्फुसं नाजूक. डॉक्टरांनी निक्षून सांगितलेलं, घरात धुळीचा कण नको. आणि निकमांच्या डक्टला बंगला बांधल्यापासून कुणी हात लावलेला नव्हता.

अंगणात रांगोळी चालली होती. शालिनीकाकू, म्हणजे बाळाची आजी, स्वयंपाकघर आणि दार यांच्यामध्ये येरझाऱ्या घालत होत्या. “औक्षणाचं ताट कुठंय? अहो, निरांजन कुणी उचललं?” आणि ते ताट त्यांच्याच हातात!

वैजूने आधी सगळ्या खोल्यांतल्या हवेच्या जाळ्या प्लास्टिक लावून चिकटपट्टीने बंद केल्या. त्यात तिने तसूभर कसर ठेवली नाही. मग मुख्य नळीला सक्शन जोडलं, लांब दांडीचा मऊ ब्रश आत सरकवला आणि बटण दाबलं.

घर्रर्र...

पारदर्शक पिशवीत काळपट धूळ भराभरा उतरायला लागली.

“अगं बाई गं!” शालिनीकाकू ताट घेऊनच धावत आल्या. “हे आपण श्वासातून घेत होतो?”

“अहो, बघताय काय! व्हिडिओ काढतो थांबा,” निकमकाकांनी मोबाइल बाहेर काढला. “साडूला पाठवतो. त्याच्याकडेही असलंच आहे. वैजूताई, जरा पिशवी इकडे करा... हां!”

वैजूताई! आजवर तिला गिऱ्हाइकाने ‘अहो मॅडम’ किंवा ‘ए मुली’ याशिवाय काही म्हटलं नव्हतं. तिने पिशवी इकडे केली, तिकडे केली, वर उचलून धरली. रांगोळी सोडून शेजारच्या बायका आत आल्या. कुणी टाळ्या वाजवल्या. वैजूच्या अंगात वारं शिरलं.

“अजून आहे का हो आत?”

“आहे ना काकू! बघा तर!”

पण धूळ कमी होत गेली. मग अगदी थोडी. मग जवळजवळ नाहीच.

आता खरं तर मशीन बंद करून आत दिवा टाकून डोकवायचं असतं. उस्तादांनी शिकवलेलं पहिलं काम ते. पण सगळे पिशवीकडे डोळे लावून बसलेले, काकांचा मोबाइल अजून रोखलेला, आणि पिशवी अर्धीही भरलेली नाही... वैजूला भर सभेत गाणं विसरल्यासारखं झालं.

“थांबा. चिवट घाण आहे,” ती म्हणाली.

आणि तिने मऊ ब्रश काढून तारेचा कडक ब्रश लावला.

घर्रर्र!

काय सांगावं! पिशवी पुन्हा भरायला लागली. आधीपेक्षा जोरात. आता पिवळसर, फुगीर, हलकी धूळ. बघता बघता पिशवी फुगली.

“अरे बाप रे बाप!” काका खुर्चीवरून उठले. “हिने तर कमालच केली. अहो, बोलवा कुणीतरी त्या उस्तादांना. शिष्येचा पराक्रम बघू दे!”

उस्ताद गच्चीवरून खाली आले. बाह्या दुमडलेल्या, हात ओले.

वैजूने मशीन बंद केलं. छाती पुढे काढली. पिशवी उचलून त्यांच्यासमोर धरली आणि, आज काय व्हायचं ते होऊ दे म्हणून, पिशवीचं तोंडच उघडलं.

“बघा उस्ताद! आता सांगा, दाखवायची का नाही?”

उस्तादांनी पिशवीत पाहिलं. मग वैजूकडे पाहिलं.

त्यांनी बाजूच्या फडक्याला हात पुसले, पिशवीत दोन बोटं घातली आणि चिमूटभर धूळ उचलली.

“हात पुढे कर.”

वैजूने हात पुढे केला. उस्तादांनी ती चिमूट तिच्या मनगटाच्या आतल्या बाजूला ठेवली आणि अंगठ्याने हलकेच चोळली, दर्ग्यात उदी लावतात तशी.

वैजूचे डोळे भरून आले. एवढ्या लोकांसमोर आशीर्वाद! तिने मान खाली घातली. शेजारच्या एका बाईंनी तर भाबडेपणाने हातही जोडले.

...

मग मनगटाला चुरचुरलं.

वैजूने दुर्लक्ष केलं. पुन्हा चुरचुरलं. मग टोचलं. मग अशी काही खाज सुटली की आशीर्वाद राहिला बाजूला आणि ती कराकरा खाजवायला लागली. जितकं खाजवावं तितकं आत रुतत होतं.

तिने मनगट खिडकीच्या उजेडात धरलं. कातडीवर बारीक बारीक काहीतरी चमकत होतं.

काच.



आवाज होऊ नये, थंडावा राहावा म्हणून जुन्या डक्टला आतून काचेच्या कापसाचं अस्तर लावलेलं असतं. वर पातळ काळं कापड. ते कापड शाबूत आहे तोवर काही त्रास नाही. तिच्या तारेच्या ब्रशने ते कापड फाडलं होतं. धूळ कधीचीच संपलेली. गेला अर्धा तास ती निकमांच्या घराचं अस्तर उपसत होती, आणि लोक टाळ्या वाजवत होते.

आता एसी सुरू केला की ही काच हवेबरोबर खोल्याखोल्यांत उतरणार. पाळण्यातसुद्धा.

“काय हो, काय झालं?” निकमकाकांनी विचारलं. “ॲलर्जी आहे का धुळीची?”

वैजूने उस्तादांकडे पाहिलं. उस्ताद जिन्याच्या पायरीवर बसले होते.

“ताई,” ते शालिनीकाकूंना म्हणाले, “अर्धा कप चहा मिळेल?”

म्हणजे ते बोलणार नव्हते.

या घरात कुणालाच काही कळलेलं नव्हतं. पिशवी बांधायची, नमस्कार करायचा, निघायचं. गाडी आपली, मालेगाव आपलं. आणि पाळण्यात ती एवढीशी पोर...  वैजूला रडू येत होतं, उस्तादांचा रागही येत होता, आणि मनगट तर नुसतं पेटलं होतं.

“काका,” ती म्हणाली, “मोबाइल खाली ठेवा. ही धूळ नाही.”

“मग?”

“तुमच्या डक्टचं अस्तर आहे. काचेचं. मी फाडलंय.”



“म्हणजे?” शालिनीकाकू ताट घेऊन पुढे आल्या.

“म्हणजे तुम्ही सगळे बघत होता, म्हणून मला थांबवेना. एसी लावलात तर काच बाहेर येईल. माझी चूक आहे. उस्तादांची नाही.”

“अगं पण बाळ निघालंय की दवाखान्यातून!” शालिनीकाकू कडाडल्या. “आत्ता फोन आला सुनेचा! त्या पोरीच्या छातीत काच घालणार होतीस तू? कुठून आणलं हे ध्यान? अहो, तुम्ही बोला ना काहीतरी! बसलेत व्हिडिओ काढत!”

काकांनी मुकाट्याने मोबाइल खिशात घातला. पराक्रमाला दाद द्यायला तेच पुढे होते ना!

वैजू उस्तादांसमोर जाऊन उभी राहिली.

“आता काय करू?”

“मला काय विचारतेस? काम तुझं आहे.”

झालं! वैजूने डोळे पुसले आणि जी सुटली, ती सुटलीच. आधी एसीचा मेन स्विच बंद करून त्यावर चिकटपट्टी मारली. जाळ्यांवरचं प्लास्टिक एकेक करून तपासलं. कुठेही सुटलं नव्हतं, काच अजून नळीत आणि पिशवीतच होती. देव पावला! ब्रश तिने दाराबाहेर ठेवला आणि नुसतं सक्शन लावून सुटलेला कापूस हळूहळू ओढून घेतला. थांबली. दिवा टाकून आत बघितलं. पुन्हा थोडं ओढलं, पुन्हा बघितलं. या खेपेला पिशवीकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

“काका, स्टूल धरा! काकू, फडकी ओली करून द्या, झाडू अजिबात नको!”

आणि गंमत बघा, मघाशी शिव्या घालणाऱ्या काकू पदर खोचून फडकी पिळायला लागल्या. काका स्टूल धरून उभे. शेजारणी पडदे काढतायत. बाळाच्या खोलीतल्या जाळीवर वैजूने पत्र्याचं झाकण बसवलं, चहूबाजूंनी स्क्रू आवळले, कडा बुजवल्या. मग प्रत्येक वस्तू ओल्या फडक्याने पुसली, आणि कडेच्या दोन्ही खिडक्या सताड उघडल्या. पौष महिना, बाहेर छान गार हवा. एसीची मुळात गरजच नव्हती, पण हे तोवर कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं.

“अस्तर नवं बसवेपर्यंत एसी लावायचा नाही,” वैजूने बजावलं. “ते मीच येऊन बसवीन. तुम्ही येऊ दिलंत तर.”

शालिनीकाकू आत गेल्या. चहा आणला तो दोन कप, एक वैजूसाठी.

वैजूने पिशवीचं तोंड करकचून बांधलं आणि मागच्या दाराने नेऊन गाडीत ठेवली. परत आली आणि गाडीची चावी उस्तादांच्या शेजारी पायरीवर ठेवली.

“मालेगाव राहू दे, उस्ताद.”

उस्तादांनी चावीकडे पाहिलं. चहाचा घोट घेतला. चावीला हात लावला नाही.

तेवढ्यात फाटकाशी हॉर्न वाजला.

“आली! आली!”

जो तो दाराकडे पळाला. काका अनवाणीच अंगणात गेले आणि रांगोळीवरच पाय दिला. शालिनीकाकूंनी नातीवरून भाकरतुकडा ओवाळून टाकला, सुनेच्या आणि बाळाच्या डोळ्यांना पाणी लावलं, आणि त्यांच्याच डोळ्यांतून धारा लागल्या. दुपट्यात मूठभर बाळ. त्यातून दिसत होतं ते फक्त एक इवलंसं नाक.

बाळाला पाळण्यात ठेवलं. सगळे पाळण्याभोवती जमले, श्वास रोखून. वैजू मात्र आत जाईना. दाराच्या चौकटीला टेकून ती त्या नाकाकडे बघत उभी राहिली. उस्ताद तिच्या मागे येऊन थांबले.

नाक आक्रसलं...

“आक्छी!”

सगळ्यांनी एकदम वळून वैजूकडे पाहिलं.  काच राहिली! कुठेतरी राहिली! तिने खाली वाकून सक्शनचा पाइप उचलला.

उस्तादांनी तिचा हात वरच्या वर धरला.

कुणी हललं नाही. काकूंनी तोंडावर हात घेतला होता. सगळे दुसऱ्या शिंकेची वाट बघत होते...

बाळाने जांभई दिली, ओठ दोनदा हलवले आणि डोळे मिटून घेतले.

“बघ,” उस्ताद हळूच म्हणाले, “सगळे बघत असूनही एका शिंकेत थांबलीसुद्धा.”