वहीत नसलेलं नाव

फार वर्षांमागे एका डोंगराच्या पायथ्याला एक ख्रिस्ती वस्ती होती. वस्तीला एक देऊळ होतं, देवळाला एक घंटा होती आणि घंटेला एक राखणदारीण. तिचं नाव एस्तेरबाई.

घंटा दोन कामांची. रविवारी उपासनेला बोलवायची, आणि आडवेळी वाजली की समजायचं, कुणावर तरी संकट कोसळलंय. मग जेवता माणूस ताट सोडून धावायचा. या लोकांच्या आज्या-पणज्यांना गावच्या विहिरीवर पाय ठेवू देत नव्हते. त्यांच्या झोपडीला आग लागली तरी गाव लांबून बघायचं. म्हणून त्यांनी ही घंटा टांगली होती. कुणी नाही तर निदान आपण तरी हाकेला धावू, एवढाच हेतू.

पुढे पोटं भरली, घरांवर कौलं चढली, आणि मंडळीच्या, म्हणजे देवळाच्या सभासदांच्या, पंचांनी नियम केला. आडवेळी घंटा वाजायची ती फक्त मंडळीच्या माणसासाठी. ज्याचं नाव बाप्तिस्म्याच्या वहीत, त्याच्यासाठीच. एस्तेरबाईला या नियमाचा केवढा तोरा! "नियम मोडणारी बाई मी नव्हे," असं ती येताजाता ऐकवायची.

डोंगरावर दगडाची खाण होती. दगड फोडणारे तिथेच पालं ठोकून राहायचे. वस्तीच्या भिंती, देवळाच्या पायऱ्या, सगळा दगड त्यांच्याच हातचा. पण वस्तीत आले की ते उंबऱ्याबाहेर बसायचे. आत येऊ नका असं कुणी म्हटलं नव्हतं. आत या असंही कुणी म्हटलं नव्हतं.

एके दिवशी भर दुपारी खाणीवरची एक बाई धावत देवळापाशी आली. केसांपासून पायांपर्यंत दगडाच्या भुकटीनं पांढरी झालेली.

"मावशे, घंटा वाजीव! दरड खाली आली. माझा मालक आत गावलाय. जित्ता हाय अजून, आतनं हातोडी ठोकतोय!"

एस्तेरबाईनं दोर धरला. धरला, आणि तिथेच तिचा हात थांबला.

"नाव काय त्याचं?"

"तिम्मा."

"बाप्तिस्मा झालाय का गं त्याचा?"

"काय झालंय?"

"म्हणजे नाव वहीत आहे का?"

"कसली वही? मावशे, माणूस दगडाखाली हाय!"

"थांब जरा. मोठ्या पंचांना विचारून आलेच मी."

आणि खरंच गेली हो ती. दोर सोडून गेली.

मोठे पंच नुकतेच पानावर बसले होते. डोळे मिटून अन्नासाठी देवाचे आभार मानत होते. प्रार्थना मधेच कशी तोडायची? एस्तेरबाई पदर सावरून अंगणात उभी राहिली. त्या दिवशी पंचांना आभार मानायला बरंच काही सुचलं. आमेन झाल्यावर तिनं सांगितलं. पंचांनी हात धुतले, पेटी उघडली, चष्मा पुसला आणि वहीवर बोट फिरवायला लागले.

"तिम्मा... तिम्मा... तिमथी आहे बघ. पण तो गेल्या साली वारला. तिम्मा काही नाही."

"मग काय करू, पंच?"

"करायचं काय? आज याच्यासाठी वाजवलीस तर उद्या सगळा डोंगर दारात येईल. नियम तुझ्यासमोरच झाला ना, एस्तेरबाई?"

ती परत आली तेव्हा दोराशी कुणी नव्हतं. बाईला थांबायला सवड कुठली! पांढऱ्या पावलांचे ठसे डोंगराकडे गेले होते. जावं की न जावं करत शेवटी ती त्या ठशांवरून चढून गेली.

वर चार-पाच बायका आणि दोन म्हातारे हातांनी दगड उपसत होते. इतर गडी रस्त्याच्या कामावर दूर गेलेले. तिम्माच्या बायकोच्या बोटांतून रक्त वाहत होतं. एका बाईनं कान दगडाला लावला होता.

"येतोय का आवाज?" एस्तेरबाईनं विचारलं.

"आत्ता येत हुता," ती बाई म्हणाली. "आत्ता थांबला."

मग एस्तेरबाई जी पळाली! उतारावर दोनदा पडली, गुडघे फुटले. तिनं दोर दोन्ही हातांनी ओढला, "खाणीवर दरड कोसळली!" ओरडत ओढतच राहिली. पंचवीस-तीस गडी पहारी घेऊन धावले. कुणासाठी, हे एकानंही विचारलं नाही. पाव तासात त्यांनी दरड बाजूला केली.

तिम्मा निघाला. अंग अजून ऊन होतं. हातातली हातोडी सुटत नव्हती. श्वास तेवढा नव्हता.

मोठे पंचही धापा टाकत आले. मढं पाहून त्यांनी टोपी काढली आणि हात जोडले. "चला, आपण सगळे या माणसासाठी प्रार्थना करू या."

तिम्माच्या बायकोनं मान वर केली.

"कर की. पर आधी तुज्या देवाला इच्यार, त्याच्या वहीत ह्याचं नाव हाय का."

पंचांनी जोडलेले हात खाली घेतले. खाणीच्या लोकांनी तिथेच खड्डा केला, आपला माणूस पुरला आणि दुसऱ्या दिवशी पालं मोडून ते निघून गेले. एस्तेरबाई वाटेत आडवी उभी राहिली, पाया पडली. तिम्माची बायको तिला वळसा घालून पुढे गेली. माफ केलं म्हणाली नाही, शिवीही दिली नाही.

पुढच्याच रविवारी नियम खोडला गेला. त्यानंतर नऊ वर्षं, कुणीही आलं तरी एस्तेरबाई आधी दोर ओढायची. लोक म्हणायचे, "एस्तेरबाई, तुम्ही फार बदललात हो."

"बदलले खरी," ती म्हणायची. "पण मला बदलायला एक माणूस खर्ची पडला."

तात्पर्य विचाराल, तर हे घ्या: दगडाखालच्या माणसाचं नाव विचारत बसणाऱ्यानं ख्रिस्ताचं नाव घेऊ नये.