सगळेच चोर?

काँप्युटरच्या जगात दोन वर्षं म्हणजे एक युगच. अशाच एका युगापूर्वी दुरुस्तीच्या टेबलावर एक बंद पडलेलं ग्राफिक्स कार्ड आलं. वॉरंटी संपलेली, त्यामुळे कंपनीने हात वर केले होते.

मल्टिमीटरने कार्डावरच्या रांगेतला एकेक कपॅसिटर तपासला आणि प्रत्येकावर तो ‘पीं’ करून ओरडला. “सगळेच शॉर्ट! वीज परस्पर पळवणारे सगळेच चोर!”

“मग उपटतेच सगळ्यांना,” गरम हवेने डाग वितळवणारी हीटगन फणफणली.

कार्ड रडवेलं झालं. “अहो, ते एका तारेत बांधलेत. एक बिघडला की आळ सगळ्यांवर येतो. सगळे उपटलेत तर मी उरेन का?”

“थांब गं जरा,” स्पिरिटची म्हातारी बाटली हीटगनला म्हणाली. “मला सगळ्यांवर सारखं शिंपडा आणि थोडीशी वीज सोडा. ज्याच्या पोटात आग असेल, तो आपणहून उघडा पडेल.”

तसंच केलं. सगळी रांग ओली राहिली; कोपऱ्यातला एकच कपॅसिटर बघता बघता कोरडाठाक झाला. हीटगनने तेवढाच अलगद उचलला. मल्टिमीटर पुन्हा रांगेवरून फिरला, पण आता त्याच्या तोंडून आवाजच फुटेना.

कार्डाला पुरती वीज मिळाली. पंखे गरगरले, पडदा लखलखला, आणि त्या वाऱ्यात मघाचे सगळे ‘चोर’ ऐटीत अंग वाळवत बसले.