नाळीवरची हाक

खाडीच्या मुखाशी एक गाव होतं. तिथे लखमा नावाचा एक तांडेल राहायचा. गलबत त्याचं स्वतःचं. जाताना कौलं न्यायचं, येताना मीठ आणायचं.

खाडीच्या तोंडाशी पाण्याखालची वाळू सारखी जागा बदलते. काल गलबत जिथून सुखरूप गेलं, तिथेच आज रुतेल. म्हणून लखमाचा लहानपणचा सोबती धाकू गलबताच्या पुढच्या टोकाला, नाळीवर उभा राही. शिसं बांधलेली दोरी पाण्यात सोडी आणि वावांत, म्हणजे पसरलेल्या दोन हातांच्या मापात, खोली सांगे, "तीन वाव." मागून सुकाणूवरचा लखमा तेच परत म्हणे, "तीन वाव." तशी रीतच होती. वाऱ्यात शब्द उडून जातात. आपली हाक पोचली हे हाक मारणाऱ्याला कळायला नको? किनाऱ्यावर लखमाची बायको हे दोन आवाज ऐकले की भात चुलीवर चढवायची.

एका वर्षी हंगाम ओढाताणीचा गेला. वारा उलटा, माल साचलेला, व्यापारी रोज धक्क्यावर येऊन विचारणार, आमची कौलं कधी निघणार? आता, माणसाच्या डोक्यात ताप चढला की तो जवळच्यावरच उतरतो. परक्यावर उतरवायला हिंमत लागते.

एकदा धाकू म्हणाला, पाणी कमी वाटतंय, थांबूया. थांबले. ओहोटी लागली, गलबत बाहेरच अडकलं. आणि ओहोटीच्या जरा आधीच त्यांच्या डोळ्यांदेखत दुसरं गलबत त्याच वाटेने आत गेलं होतं. लखमा सगळ्या खलाशांसमोर म्हणाला, "तू पाणी मोजायला आहेस की मला भिववायला?"

धाकूने दोरी गुंडाळली. पुढेही तो हाका देत राहिला, पण लखमाने त्या परत म्हणणं सोडलं. उत्तर नसलेल्या वाऱ्यात माणूस किती दिवस ओरडेल? धाकू गलबतावरून उतरला आणि धक्क्यावर जाळी विणत बसला.

नाळीवर खलाशांपैकी गणू आला. तो मोठा गोड गडी. कधीही विचारा, "पाणी आहे, तांडेल." लखमा खूश. मग एका दुपारी गलबत वाळूवर चढलं, फळी तडकली, अर्धी कौलं समुद्रात टाकावी लागली.

"तुला दिसलं नाही?" लखमाने विचारलं.

"दिसलं होतं. खात्री नव्हती. आणि खात्री नसताना बोलणाऱ्याचं काय होतं, ते मी बघितलं होतं."

गलबत दुरुस्तीला किनाऱ्यावर ओढलं. लखमा त्याच्या सावलीत बसून राही. दुसऱ्यांची गलबतं आत येत, त्यांच्या जोडीच्या हाका पाण्यावरून येत, आणि याचे कान तिकडेच लागत. नफा बुडाला तर पुढच्या फेरीत निघतो. धाकूचा तो खरबरीत आवाज कुठल्या बाजारात मिळणार? ते दोन आवाज ऐकू येईनात, तशी घरी बायको भात चढवायची वेळ चुकवू लागली.

शेवटी तो धाकूशेजारी जाऊन बसला. जाळ्याचं एक टोक हातात धरलं.

"त्या दिवशी मला तुझा राग नव्हता रे. गिऱ्हाइकं तुटतील याची भीती होती. ती तुझ्यावर काढली."

धाकूने मान वर केली नाही. "भीती होती तर भीती आहे म्हणायचंस. नाळीवरून तीही ऐकली असती." मग जाळ्याची गाठ ओढत म्हणाला, "आणि मी परत चुकलो तर?"

"तर थांबू. भरती काय एकदाच येते?"

गलबत पुन्हा पाण्यात उतरलं. परतीच्या वेळी खाडीच्या तोंडाशी नाळीवरून धाकूची हाक आली, "दीड वाव. नक्की नाही."

मागून तितक्याच मोठ्याने उत्तर गेलं, "दीड वाव. नक्की नाही."

गणूसकट सगळे खलाशी हसले. शीड उतरलं, नांगर पडला, गलबत भरतीची वाट बघत थांबलं. त्या दिवशी माल उशिराच पोचणार होता. पण किनाऱ्यावर एका बाईने दोन आवाज ऐकले आणि तांदूळ धुवायला घेतले.

तात्पर्य: आपला ताप सोबत्यांवर काढणाऱ्या पुढाऱ्याला गोड बातम्या मिळतात, खऱ्या मिळत नाहीत. मनातली भीती मोकळेपणाने सांगावी, आणि नकोशा हाकेलाही ओ द्यावी.