पाहुणीचं ‘नको’

“पण बुवा, त्या नको म्हणाल्या! स्वच्छ इंग्रजीत म्हणाल्या. मग मी काय करणार?”

निळकंठ भाकरीची परात परत चुलीकडे घेऊन निघाला होता.

दयार्णवबुवांच्या मठात पाहुणा जेवल्याशिवाय बुवा पानावर बसत नसत. आजची पाहुणी इराणची. महनाजबाई. सकाळपासून डोंगर चढून आलेल्या. आता त्या ओसरीवर बसून, उपाशीच परत निघायला, बुटांच्या नाड्या बांधत होत्या.

परदेशी पाहुण्यांशी बोलायचं काम निळकंठचं. त्याच्यासारखं इंग्रजी मठात कुणाचंच नव्हतं, आणि हे तो सहसा विसरत नसे.

“किती वेळा विचारलंस?” बुवांनी विचारलं.

“एकदाच. इंग्रजीत नको म्हणजे नको, बुवा. आपल्यासारखं ‘घ्या हो, अर्धी तरी घ्या’ करत मागे लागलं, तर त्यांना राग येतो.”

“कुणाला?”

“इंग्रजांना.”

“आणि या बाई?”

“इराणच्या...”

निळकंठने ओसरीकडे पाहिलं. बाईंची नजर परातीवर होती. त्याने पाहताच त्यांनी ती झटकन नाडीकडे वळवली.

“माझ्या बहिणीने तुला लाडू दिला, तेव्हा तू काय म्हणालास?” बुवांनी विचारलं.

“नको म्हणालो.”

“आणि खाल्लेस किती?”

“...चार.”

“जा. पुन्हा विचार.”

“इंग्रजीत?”

“इंग्रजीतच. पण तुझ्या आईसारखं.”

निळकंठ ताट वाढून घेऊन घाबरतच गेला. बाई रागावून उठून गेल्या तर?

त्याने विचारलं. बाईंनी छातीवर हात ठेवून मान हलवली. नको.

तो तिथेच खाली बसला. भाकरीवर लोण्याचा गोळा ठेवला आणि म्हणाला, तुम्ही जेवला नाहीत तर आमचे बुवाही उपाशी राहतील.

बाईंनी पुन्हा नको म्हटलं, पण या वेळी त्या हसत होत्या.

त्याने ताट आणखी पुढे सरकवलं.

बाईंनी बुटांच्या नाड्या सोडल्या.

निळकंठ जवळजवळ धावतच आत आला. “बसल्या, बुवा! दुसरी भाकरी तर त्यांनी स्वतःच मागितली!” त्याने भिंतीला पाठ टेकून मोठा श्वास सोडला. मग म्हणाला, “पण म्हणजे... त्यांचं इंग्रजी चुकलं होतं का?”

बुवांनी आपलं पान पुढे ओढलं.

“शब्द इंग्रजी, पण त्या बोलल्या स्वतःच्या इराणी घरातून, निळकंठ. तू कुणाच्या घरात बसून ऐकत होतास?”