चाळून टाकलेली वाळू

“पण वस्ताद, वाळू शुद्ध होती ना?”

डॉ. रेवती गुळवणींनी सकाळपासून हा प्रश्न तिसऱ्यांदा विचारला.

दस्तगीर वस्ताद ब्रशने वाळूच्या गाभ्याला काळा लेप लावत बसले होते. हात थांबला नाही.

“होती की.”

“मग चुकलं कुठं?”

“त्येच सांगतोय न्हवं. शुद्ध होती.”

बाई उलट्या घमेल्यावर बसून राहिल्या.

कोल्हापूरजवळच्या त्या फौंड्रीत मोटारीच्या इंजिनाचे ब्लॉक ओतले जात. इंजिन तापतं, म्हणून ब्लॉकच्या पोटात पाणी फिरायला वाटा ठेवाव्या लागतात. त्या वाटेच्या आकाराचा वाळूचा गाभा करून, भाजून घट्ट करून साच्यात बसवायचा, भोवती लोखंडाचा रस ओतायचा, आणि लोखंड निवलं की वाळू झटकून काढायची. त्या गाभ्याला तिथं कोअर म्हणतात. कोअर आत तडकला तर रस फटीत शिरतो आणि पाण्याच्या वाटेत लोखंडाचा पातळ पडदा उभा राहतो. मग ती गाडी पहिल्याच घाटात वाफा टाकत उभी.

बाईंच्या वाळूवर चाळीस ब्लॉक ओतले होते. चाळीसही पडद्यांनी भरून निघाले.

बाई भूगर्भशास्त्रातल्या डॉक्टर. प्रबंधाचा विषयच गारगोटी. मालक जिनपाल चौगुल्यांनी त्यांना मुद्दाम पुण्याहून आणलं होतं. आल्या आल्या त्यांनी वस्तादांच्या वाळूचा ढीग भिंगातून पाहिला आणि कपाळाला हात लावला. एक दाणा कोकणातला, एक नदीचा, एक मागच्या ओतकामात जळून काळा झालेला. कुणाचा आकार कुणाला जुळेल तर शपथ. ही वाळू नव्हे, ही भेसळ आहे, असं त्यांनी अहवालात स्वच्छ लिहिलं.

मग त्यांनी कोकणातून वाळू मागवली. धुतली, वाळवली, चाळली. जाड दाणे काढले, बारीक काढले, फेल्डस्पार नावाच्या दुसऱ्या खनिजाचे मळकट गुलाबी दाणे काढले. उरली ती निव्वळ गारगोटी, दाण्याला दाणा जुळणारी, साखरेसारखी.

तेव्हा वस्तादांनी ती चिमटीत घेऊन पाहिली होती आणि ‘देखणी हाय’ एवढंच म्हटलं होतं. बाईंना ते कौतुक वाटलं.

आता त्याच वाळूचे ऐंशी कोअर मांडून तयार होते. चार वाजता भट्टी फुटायची होती, म्हणजे तिचं तोंड फोडून रस काढायचा होता. ओतायचं की नाही, याच्या कागदावर बाईंची सही हवी होती. याही वेळी माल वाया गेला तर मोटारवाली कंपनी आपले साचे उचलून दुसरीकडे नेणार, हे मालकांनी सांगून टाकलं होतं. आणि त्याआधी बाईंना पुण्याची गाडी धरावी लागणार, हेही सांगितलं होतं.

शिवाय, जाता जाता त्यांनी एक पळवाटही दाखवली. कोअर नीट भाजले गेले नाहीत, कामगारांची हयगय झाली, असं बाईंनी लिहून दिलं तर सगळंच निभावून जाईल.

कोअर भाजणारी पाचही माणसं वस्तादांच्या हाताखाली तयार झालेली होती. मालकांची ही पळवाटही बाईंनी वस्तादांना सांगितली. का सांगितलं, ते त्यांचं त्यांनाच कळलं नाही.

वस्तादांनी ब्रश खाली ठेवला.

ते उठले, मांडणीवरून बाईंचा एक कोअर घेतला. पांढरा, गुळगुळीत. मग स्वतःच्या बाकाखालून एक काढला. डागाळलेला, खरबरीत. दोन्ही विटांवर ठेवले, आणि गॅसचा बर्नर पेटवून आधी बाईंच्या कोअरवर धरला.

दोघं बघत बसले...

टक्.

केसाएवढी चीर. वरपासून खालपर्यंत.

मग ज्योत दुसऱ्या कोअरवर गेली. तितकाच वेळ. मग त्याहून जास्त.

काही नाही.

बाईंनी बर्नर स्वतःच्या हातात घेतला. तरी काही नाही.

“लाल व्हायच्या आदी एक येळ येती,” वस्ताद म्हणाले. “दाणा अंग फुगिवतो.”

“पाचशे त्र्याहत्तर अंशांना.”

“आसंल. आकडा मला म्हाईत न्हाई.”

बाईंना आकडा सहा वर्षं माहीत होता. पुण्यात शिकवताना त्या तो फळ्यावर लिहीत, मुलं वहीत उतरून घेत. पण भिंगाखाली त्यांनी धरला तो कायम एकच दाणा. कोट्यवधी दाणे एकमेकांना खेटून बसले आहेत, सगळे एकाच आकाराचे, एकाच जातीचे, आणि ती वेळ आली...

“सगळे एकदम फुगले,” त्या पुटपुटल्या.

वस्तादांनी त्यांच्या हातातला बर्नर घेऊन विझवला.

“तुमच्या कोअरमध्ये कुठली वाळू आहे?”

“तुमचीच.”

“माझी कशी असेल?”

“चाळणीत काय ऱ्हायलं हुतं?”

“जाड दाणे. मग बारीक चाळणीखाली भुगा. आणि ते मळकट फेल्डस्पार.”

“कुटं टाकलासा?”

“मागच्या भिंतीकडं. फेकून द्यायला.”

“म्या उचलली. थोडी तुमची ती साखर घातली, थोडी जळकी. जळकी एकदा फुगून बसल्याली, पुन्ना तेवढी उसळत न्हाई.”

बाईंचा चेहरा उतरला. त्यांना लाज वाटली, आणि लाजेपेक्षा जास्त घोटाळा झाला. आयुष्यभर जे वेगळं काढायला शिकल्या, तेच इथं कोअर सांभाळून बसलं होतं.

“म्हणजे मळकी वाळू चांगली?”

“छ्या. नुसती मळकी घातली तर लोखंडाला चिकटून बसंल.”

“मग शुद्ध?”

“ती बी न्हाई.”

“मग किती कुठली? प्रमाण सांगा. लिहून घेते.”

बाईंनी पेन काढलं. वस्तादांनी आपल्या कालवलेल्या वाळूची मूठ भरली, दाबली, उघडली. तळव्यावर बोटांचे ठसे घेतलेला गोळा उभा राहिला. मधोमध मोडला. दोन तुकडे झाले, भुगा झाला नाही.

“हे एवढं.”

“हे प्रमाण झालं?”

“तर काय.”

“वस्ताद, उद्या कोकणात डोंगराची दुसरी बाजू खणतील. वाळू बदलेल. मग?”

“मग मूठ पुन्ना भरायची.”

बाईंनी पेनाचं टोपण लावलं. काही समजलं असंही नाही, नाही समजलं असंही नाही. घड्याळात साडेतीन झाले होते.

त्या ऑफिसात गेल्या. आत काय झालं ते बाहेर फारसं ऐकू आलं नाही. मालकांचा आवाज दोनदा चढला, एवढं मात्र सगळ्यांनी ऐकलं. बाहेर आला तो कागद फौंड्रीच्या फळ्यावर लागला. ऐंशी कोअर ओतू नयेत. दोष वाळूच्या निवडीचा. निवड माझी. कोअर भाजणाऱ्यांची काही चूक नाही. खाली सही.

पाच जणांपैकी एकाने तो मोठ्याने वाचून दाखवला. चहा आला तेव्हा पहिला कप बाईंना दिला गेला.

चार वाजता भट्टी फुटली. वस्तादांनी बाकाखाली बारा कोअर करून ठेवले होते, तेवढे ओतले. बाकीचा रस साध्या मालात गेला.

दुसऱ्या दिवशी बाराही ब्लॉक साच्यातून काढून, वाळू झटकून पाहिले. एका बाजूने पाणी घातलं. दुसऱ्या बाजूने सरळ बाहेर आलं.

मालकांनी दोनदा पाणी घालून पाहिलं, आणि ऑफिसात निघून गेले.

दुपारी बाई पुण्याची गाडी धरायला पिशवी खांद्याला लावून आवारात आल्या. भिंतीला लागून त्यांच्या त्या चाळीस ब्लॉकमधून झटकलेली वाळू पडली होती. साखरेचा रंग गेला होता. काळी, करपलेली, दाण्यांना चिरा पडलेली. ढीग न्यायला ट्रॅक्टर बोलावला होता आणि तो मागे घेत घेत ढिगापर्यंत आलाही होता.

वस्ताद पायरीवर बसून पान लावत होते. बाई त्यांच्या पाया पडल्या.

“निघते, वस्ताद. ही वाळू टाकून द्यायला सांगितलीय. तिचा आता काही उपयोग नाही.” त्यांनी पिशवी सावरली. “आणि माझाही इथं काही नाही.”

वस्तादांनी पान बाजूला ठेवलं. ट्रॅक्टरवाल्याला हाताने थांबवलं. ढिगापाशी गेले, वाकले, करपलेल्या वाळूची मूठ भरली आणि दाबून पाहिली...

मग बाईंचा हात धरला, आणि ती वाळू त्यांच्या तळव्यावर ओतली.

“आत्ता कुटं एक डाव भाजून निगालीया,” ते म्हणाले, “आन् आत्ताच टाकाय लागलासा व्हय, बाई?”