दोन तासांचं माहेरपण

कॅलिफोर्नियातल्या आमच्या छोट्या शहरात नगराध्यक्ष हॅरल्ड यांनी नवा नियम मांडला. रहिवाशांनी गाड्या रस्त्यावर खुशाल लावाव्यात. पाहुण्यांची गाडी मात्र दोन तासांनी उचलली जाईल. शेजारच्या वत्सलाबाई खासनीस या नियमावरच्या नगरसभेला जाऊन बसल्या. त्यांची लेक दर शनिवारी लांबून गाडी चालवत यायची आणि अंथरुणाला खिळलेल्या वडिलांपाशी दिवसभर बसायची.

सभेत हॅरल्ड नियमाची थोरवी सांगतच राहिले. मध्येच म्हणाले, "कुणाला भेटायला दोन तास पुष्कळ झाले!"

वत्सलाबाई उठल्या. "साहेब, अडीच तास झाले, तुमचा एक नियम अजून सांगून संपला नाही. माझ्या लेकीचं माहेरपण दोन तासांत कसं उरकायचं?"

सभागृह खदखदून हसलं. हॅरल्डनी घड्याळ पाहिलं, ओशाळून हसले आणि मसुद्यातले 'दोन तास' खोडून 'दिवसभर' लिहिलं.