म्हाताऱ्या ट्रकचं बोलणं

ट्रक माणसांशी बोलत असत, तेव्हाची ही गोष्ट. हौसा एक म्हातारा ट्रक चालवायला शिकत होती. गिअर टाकताना ती दरवेळी खाली दांड्याकडे बघे आणि खर्रकन आवाज होई.

"अगं, दात पाडशील माझे!" म्हातारा ट्रक कळवळला. "दांडा कुठे पळून जात नाही. समोर बघ आणि माझा आवाज ऐक."

पुढे घाटाचा चढ लागला. अर्ध्यावर ट्रकला धाप लागली आणि मागून तर भरलेली बैलगाडी येत होती! हौसाने नजर हलवली नाही. आवाज जड झाल्याबरोबर तिने क्लच दाबला, खालचा गिअर टाकला. खर्र झालंच नाही! ट्रक घुमत माथ्यावर पोचला.

"पडला! ट्रककाका, गिअर पडला!" हौसा नाचायचीच बाकी होती. "बोला ना काहीतरी!"

"आता कशाला बोलू? माझा आवाजच कळतो की तुला!" ट्रक म्हणाला आणि नुसता घुमत राहिला.